एक अनोळखी गिऱ्हाईक

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो टाइपरायटरच्या आवाजानं. पुढच्या दोन खोल्यांत आबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. सकाळची पहिली बॅच आली की पुढून खडखडाट सुरू व्हायचा, ओळ संपली की टिंग, मग गाडा सरकवल्याचा खर्रर्र, आणि मागून अक्काच्या भाकरी थापण्याचा थप् थप्. माझी आई, म्हणजे अक्का, म्हणायची की तिची भाकरी त्या टिंगवर उलटते. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण सुट्टीच्या दिवशी आमच्या भाकरी हमखास करपायच्या.

मी कॉलेजात गेले तोवर हा खडखडाट निम्म्यावर आला होता. जळगावातली पोरं आता कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. आबा म्हणायचे, "बोटं तीच, यंत्र बदललं." त्यांनी चार मशिनं काढून टाकली आणि दोन कॉम्प्युटर आणले. त्यांच्यासाठी एक खोली वेगळी काढली, तिला पडदे लावले, वाळ्याचा कूलर बसवला. वैशाखात बाकीचं घर भट्टीसारखं तापलेलं असायचं, पण कॉम्प्युटर गारव्याला बसलेले असायचे. त्या खोलीत चपला काढून जायचं. दसऱ्याला अक्कानं पडद्यावर, म्हणजे मॉनिटरवर, हळदीकुंकवाची बोटं लावली आणि ते कुंकू कितीतरी दिवस कोणाच्याही पत्राच्या उजव्या कोपऱ्यात दिसत राहिलं.

मग मॉडेम आला. काडेपेटीच्या पुड्याएवढा डबा, त्याला लाल दिवे. आमच्याकडे फोन एकच होता, स्वयंपाकघर आणि इन्स्टिट्यूटच्या मधल्या भिंतीवरचा. त्याची तार काढून मॉडेमला जोडली की तो नाशिकचा नंबर फिरवायचा आणि मग तो आवाज: आधी शिट्टी, मग घोगरं काहीतरी, मग दोन मांजरं भांडल्यासारखा गोंधळ, आणि एकदम शांतता. त्या शांततेचीच मी वाट पाहायची. जोडलं गेलं याचा तो अर्थ होता. आज माझ्या मुलांना सांगितलं की इंटरनेटला आवाज होता, तर ती माझ्याकडे आई काहीतरी रंगवून सांगतेय अशा नजरेनं बघतात.

मला त्या तारेचं वेडच लागलं. पलीकडे कोण आहे, हे सगळं चालतं कसं, हा एकच प्रश्न. कोणतंही पान उघडलं की त्याचा आतला मजकूर बघायची एक सोय असायची. त्यावर दाबलं की गुळगुळीत पान नाहीसं व्हायचं आणि कंसांनी भरलेला कोड समोर यायचा. शिवणक्लासमध्ये आम्ही ब्लाऊज उलटा करून शिवण बघायचो, तसंच हे. कुठे टाका घातलाय, कुठे नुसतं दुमडलंय, सगळं उघड. मी परदेशातल्या कुणाकुणाची पानं उलटी करून बघितली, कागदावर उतरवून घेतली, आणि आपल्या नोटपॅडमध्ये तसंच लिहून पाहिलं. पहिल्यांदा माझं नाव निळ्या अक्षरांत पडद्यावर आलं तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत आले, ते अजून तिथे आहे का बघायला.

आबांना या वेडाचं कौतुकही होतं आणि धास्तीही. फोन सतत अडकलेला असायचा. बोदवडच्या मामांना तर आम्ही रागावलो आहोत असंच वाटायला लागलं होतं. शिवाय इन्स्टिट्यूट रडतखडत चाललेली, त्यात नाशिकला लावलेल्या फोनचं बिल. एका रात्री जेवताना, शेवभाजीत भाकरी कुस्करत, आबांनी विषय काढला.

"शालू, ही तार मी काढून टाकणार आहे."

मी घास तसाच धरून बसले.

"काढणारच," आबा म्हणाले, "पण तुला एक संधी देतो. तू म्हणतेस ना की यावरून लोक माल विकतात. तर तू विकून दाखव. ज्याला आपण कधी बघितलेलं नाही, ज्यानं आपल्याला कधी बघितलेलं नाही, अशा एका अनोळखी माणसानं आपल्याकडून काहीतरी विकत घेतलं पाहिजे. पैसे देऊन. एकच गिऱ्हाईक आण. पोळ्यापर्यंत मुदत. आणलंस तर तार राहील, नाही तर मी स्वतः जाऊन इंटरनेट बंद करायचा अर्ज देऊन येतो."

आबा शब्दाचे पक्के. अर्ज देणार म्हणजे देणारच, आणि तोही स्वतः टाइप करून, एकही खाडाखोड न करता. मी रात्रभर विचार केला की आमच्या घरात विकण्यासारखं आहे काय. सकाळी गच्चीवर गेले आणि उत्तर समोर खाटेवर वाळत पडलेलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती, बिबड्यांचे दिवस. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, पण असं म्हटलं की अक्काला राग यायचा. ज्वारी भिजवायची, कांडायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ, जिरं घालून तिचा घाटा शिजवायचा, आणि उन्हं वर यायच्या आत ओल्या हातानं धोतरावर एकेक बिबडी थापायची. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या कोकिळामावशीकडे, असं गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी थापायला जायच्या. गरम घाट्यावर तेल घालून खायला मिळायचं म्हणून आम्ही पोरी त्या दिवसांत न उठवता उठायचो. अक्काच्या बिबड्या कागदासारख्या पातळ व्हायच्या, तळल्या की दुप्पट फुलायच्या.

मी फोटोवाल्याला बोलावलं. अक्का पदर डोक्यावर घेऊन खाटेमागे उभी राहिली, खाटेवर बिबड्या. तो फोटो एका छापखान्यात जाऊन फ्लॉपीवर घेतला, फ्लॉपी धूळ लागू नये म्हणून भाकरीच्या डब्यात घालून घरी आणली. परदेशातली एक कंपनी पानाला फुकट जागा द्यायची, फक्त वर तिच्या जाहिराती चालू द्यायच्या. अशा रीतीनं आमचं पान जगात आलं. त्या काळी चित्र एकदम दिसत नसे, वरून खाली ओळीओळीनं उतरायचं. आधी आभाळ यायचं, मग अक्काचा पदर, कपाळ, नाक, आणि तेवढ्यात लाइन तुटायची. वर कंपनीची जुगाराची जाहिरात लुकलुकत असायची. आबा चष्मा सावरून बघत आणि म्हणत, "बिबड्या दिसायच्या आधी तुझी आईच दिसते. तिला विकायला काढलीस की काय?" पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा होता. तो वाढला की मी नाचायची. त्यातल्या बहुतेक भेटी माझ्याच आहेत हे आबांनी दोन दिवसांत शोधून काढलं.

खरी अडचण मात्र अक्कानं काढली. मी तिला पान वाचून दाखवलं, इथे नाव लिहायचं, इथे किती पाहिजे ते लिहायचं. ती दळण निवडत ऐकत होती.

"चाखल्याबिगर कोन घेईन व?" ती म्हणाली.

"फोटो आहे ना."

"फोटो खाता येते का? बाजारात दुकानदार बी हातावर चिमूट ठेवते. आधी वानोळा धाडू. आवडलं तं मंग घेतीन."

वानोळा म्हणजे घरात नवं काही झालं, शेतातलं पहिलं वांगं आलं, पापड झाले, की त्यातलं थोडं आधी नात्यात, शेजारी पोचवायचं. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला देणं असं कोणी म्हणत नाही. मला अक्काची कल्पना पटली. परदेशी पानांवरही नमुना फुकट असं लिहिलेलं असायचंच. मी पानावर मोठ्या अक्षरांत घातलं की पहिला वानोळा आमच्याकडून. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसांची मेलवर एक पत्रमंडळी होती, तिथेही कळवून टाकलं. आणि खरोखरच मेल आले. पहिला बडोद्याहून, शैलाताई नावाच्या बाईंचा, नवऱ्याच्या ऑफिसातून पाठवलेला. दुसरा बंगलोरला नोकरी करणाऱ्या एका मुलाचा. तिसरा थेट अमेरिकेतून. मी ते छापून अक्काला वाचून दाखवले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "यायच्या घरी मानसं किती?" माणसं किती ते बघून वानोळा बांधायचा असतो. तेही मेल करून विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर अक्का मांडणीवरून स्टीलचे डबे उतरवत होती. तिचे माहेरचे डबे, प्रत्येकावर नाव घातलेलं: चि. सौ. सिंधूस, आखाजीनिमित्त, बोदवड. त्यांत बिबड्या भरून, वर फडकं बांधून, कापडात शिवायची तयारी चाललेली.

"अक्का, अगं पिशवीत घाल. हे डबे कशाला?"

"वानोळा पिशवीत धाडते का कोनी?"

कोकिळामावशी दारातच होती. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी आणि फटकळ. "अक्का, हाऊ डबा गया समज," ती म्हणाली. "कोन शे, कोठला शे, तुले काय माहीत? बठ्ठा डबा वाटी टाकशी आनि मंग घर मा मीठ कसामा ठेवशी?"

अक्कानं दोरा दातानं तोडला. "येईन वापस. आन् रिकामा येनार नही."

मी कपाळाला हात लावला. जगभरातल्या व्यापाराची मी स्वप्नं बघत होते आणि माझी आई अमेरिकेला डबा पाठवून तो परत यायची वाट बघणार होती. आबा मात्र खुशीत होते. त्यांनी स्वतःहून मशीनवर पत्ते टाइप करून दिले. तार काढायचा अर्ज आता नक्की, असं त्यांना वाटत असावं.

आणि मग बडोद्याचा डबा परत आला.

पोस्टमननं कापडात शिवलेलं पार्सल ओट्यावर ठेवलं तेव्हा पहिली बॅच चालू होती, ती थांबली. मी कात्रीनं शिवण उसवली. चि. सौ. सिंधूस, आखाजीनिमित्त, बोदवड. आत मेथीचे खाकरे, एकावर एक, काठोकाठ. संध्याकाळी मेल उघडला तर शैलाताईंनी लिहिलं होतं की डब्यावर बोदवड वाचलं आणि मी खालीच बसले, माझं माहेर जामनेरचं. सासऱ्यांना बिबड्या फार आवडल्या, आता पाच किलो पाठवा, पैसे कसे पाठवू ते कळवा.

मी ओरडतच मागे गेले. गिऱ्हाईक मिळालं होतं.

अक्का खाकरा मोडून चाखत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धाडू ना. आपल्या जामनेरची पोर. पन पैशाचं नाव काढू नको."

"अक्का, ती विकत मागतेय."

"तिच्या घरचे खाकरे खाल्ले आपुन. आता तिच्यापासून पैसे घेऊ? कोन्या तोंडानं?"

मी समजावलं, चिडले, रडले. आबांच्या अटीची आठवण करून दिली. अक्का हलली नाही. आठवड्याभरात बंगलोरहून दुसरा डबा आला, त्यात कॉफीची पूड. ती आम्ही चहासारखी दुधात खळाखळा उकळली आणि डाळ शिजवल्यासारखी दाट झाली, पण प्यायलो सगळे. तो मुलगा पाचोऱ्याचा निघाला. त्यालाही बिबड्या हव्या होत्या, त्यालाही पैसे द्यायचे होते, आणि अक्काच्या लेखी तोही घरचा झाला होता. पोरगं एकटं राहतं म्हणून तिनं वर कुरडयाही घातल्या. अमेरिकेचा डबा तेवढा आला नाही. अक्का शेवटपर्यंत म्हणत राहिली की बोट हळू येत असेल.

आता माझ्या लक्षात आलं की मी कशात अडकले आहे. ज्याला वानोळा गेला नाही तो मागवणार नाही, आणि ज्याला गेला तो अनोळखी राहत नाही. आज मोठमोठ्या कंपन्यांमधली हुशार पोरं गिऱ्हाईक कसं टिकवायचं यावर डोकं फोडतात. माझी अडचण उलटी होती. माझी गिऱ्हाइकं इतकी टिकत होती की विकायची सोय उरली नव्हती. श्रावण निम्मा सरला. आबा येता-जाता विचारायचे, "काय शालूबाई, धंदा कसा काय?" आणि मशीनवर कोरा कागद चढवून ठेवायचे.

शेवटी मी शैलाताईंना मेलवर सगळं खरं लिहून टाकलं: आबांची अट, अक्काचा हट्ट, पोळा जवळ आलेला. मला ही तार किती हवी आहे तेही लिहिलं. हे मी तोवर घरात कुणालाही बोलले नव्हते. शैलाताईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये हंसाबेन राहते, मेहसाण्याची, असं त्यांनी लिहिलं होतं. तिनं तुम्हाला बघितलेलं नाही, तुमचा वानोळा तिला गेलेला नाही, माझ्याकडे चार बिबड्या खाल्ल्या तेवढंच. तिला दोन किलो हव्यात. व्ही.पी.नं पाठव. म्हणजे पोस्टमन तिला पार्सल देईल, पैसे घेईल, आणि पोस्ट ते पैसे तुमच्याकडे पोचवेल.

मी अक्कासमोर वकिलासारखी उभी राहिले. "हिच्या घरचं आपण काही खाल्लं नाही."

अक्कानं बराच विचार केला. "नही खाल्लं," ती म्हणाली. "पन तिनं बिबड्या खाल्ल्या ना?"

"शैलाताईच्या घरी खाल्ल्या. ते त्या दोघींचं."

"हा. ते त्यायचं," अक्का म्हणाली आणि तराजू काढला.

स्वतःच्या बिबड्या तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तोलल्या. काटा बरोबर मधे आला तरी तिचा हात थांबेना. चार बिबड्या वर टाकल्या, मग आणखी दोन. मी पुठ्ठ्याचं खोकं केलं, डबा बिबा काही नाही, स्वच्छ व्यापार. खोकं बंद करायला सुतळी घेऊन आले तर बिबड्यांच्या मधोमध एक छोटा डबा बसलेला. लसूण-तिळाची चटणी.

"अक्का, हे काय?"

"विकत ते विकत," ती म्हणाली. "पन आपल्या घरून पैल्यांदा जाऊ राह्यलं. नुसतं विकतचं कसं धाडू व माय?"

तिच्याशी भांडायला माझ्यात त्राण उरलं नव्हतं. खोकं बांधलं आणि पोस्टात दिलं.

पोळ्याच्या दिवशी अक्का खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती. आबांनी मातीच्या बैलांची पूजा आटोपली होती. पुढे इन्स्टिट्यूट बंद, मशिनांवर खोळी, फक्त आबांच्या मशीनवर तो कोरा कागद. माझं लक्ष सगळं फाटकाकडे. दुपार होत आली तेव्हा पोस्टमन आला. "टायपिंगवाले, मनिऑर्डर," तो म्हणाला. बडोद्याहून, व्ही.पी.चे पैसे.

आबांनी चष्मा लावला. नाव वाचलं, गाव वाचलं, सही केली, पैसे घेतले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते काही बोलणार, तेवढ्यात पोस्टमननं पिशवीत हात घालून कापडात शिवलेलं एक छोटं पार्सल काढलं. "हे पण आहे. तिथलंच."

आबांनी ते स्वतः उसवलं. चटणीचा डबा. झाकण उघडलं तर आत कैरीचा छुंदा, केशरी, पाकात मुरलेला, वेलदोड्याचा वास सुटलेला. अक्का हाताला पीठ तसंच घेऊन दारात आली. आबांनी बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. मग पैसे अक्काच्या हातात ठेवले आणि डबा माझ्यासमोर धरला.

"शालू, मी काय म्हणालो होतो? अनोळखी माणसानं विकत घेतलं पाहिजे. ही बाई अनोळखी कुठे राहिली?"

"आबा, तिनं पैसे दिलेत. मागवलं तेव्हा ती अनोळखी होती."

"मागवलं तेव्हा असेल. आज आपण तिचा छुंदा खातोय." त्यांनी अक्काकडे बघितलं. अक्का मान हलवत होती, तिला ते पूर्ण पटलेलं होतं. "हिचे पैसे परत पाठवावे लागतील, ही तुझी आई काही ठेवून घेणार नाही. म्हणजे अट काही पुरी झाली नाही."

डोळ्यांत पाणी आलं होतं ते दिसू नये म्हणून मातीच्या बैलांकडे बघत राहिले. आबा पुढच्या खोलीत गेले. कागद मशीनमधून ओढल्याचा खर्रर्र आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले, हातात तो कागद, कोराच, बोटावर अजून छुंद्याचा पाक.

"दुसरा अनोळखी माणूस शोध," ते म्हणाले. "तो सापडेपर्यंत तार राहू दे."

आबांनी ती अट पुढे कधीच मागे घेतली नाही. त्या तारेवर मी पुढे शिकले, पोट भरलं, इन्स्टिट्यूटची पाटी बदलली, मांडणीवर दहा गावांचे डबे जमले. आबा गेले, अक्काही गेली. इतक्या वर्षांत तसा माणूस मला एकही सापडला नाही.